पंधरा रुपये, आईच्या हाती

गिरगाव,
ता. १४ जून १९५५

गं. भा. अंबिकावहिनींस जयवंतचा नमस्कार.

आप्पांचे मृत्युपत्र परवा आमच्या ऑफिसात उघडले. व्यवस्था माझ्याकडे आहे. सॉलिसिटरच्या ऑफिसात बावीस वर्षे काढलेला पुतण्या घरात असताना ते दुसऱ्या कोणाकडे कशाला जातील? म्हाताऱ्याने शेवटी आपल्या गिरणीतल्या पुतण्याचीही आठवण ठेवलेली दिसते. कै. रघुदादाची मुलगी शैला मॅट्रिकला बसेपर्यंत, म्हणजे या जूनपासून मार्चपर्यंत, तिच्या शिक्षणासाठी दरमहा पंधरा रुपये द्यावेत असे त्यांनी लिहून ठेवले आहे.

पैसे मनीऑर्डरने पाठवीन. लालबागला येणे मला सोसत नाही. मागे रघुदादाच्या दिवसांना आलो होतो, त्या तेलाच्या आणि सुक्या मासळीच्या वासाने दोन दिवस जेवलो नव्हतो. तुम्हीही इकडे येण्याची तसदी घेऊ नये. आमच्याकडे चार प्रतिष्ठित माणसे येत-जात असतात.

एक गोष्ट आताच स्पष्ट करतो, राग मानू नका. रोख पैसा हातात पडला की आपल्या तिकडच्या माणसांचे काय होते ते मी जन्मभर पाहिले आहे. गणपतीची वर्गणी, गावची जत्रा, कोणाच्या तरी बारशाला चोळीचा खण, आणि महिनाअखेर पुन्हा उसनवारी. हे पैसे शिक्षणाचे आहेत, तुमच्या खाणावळीचे नाहीत. दर महिन्याला कशावर खर्च झाले ते मला कळवत जावे.

मुलीची बुद्धी कितपत आहे मला ठाऊक नाही. आमच्या जगदीशला दोन शिकवण्या लावूनही मॅट्रिक दोनदा द्यावी लागली, यावरून परीक्षा किती कठीण असते त्याची कल्पना यावी.

जयवंत


लालबाग,
ता. ६ जुलै १९५५

जयवंत भावोजींना अंबिकाचा नमस्कार. जाऊबाईंना आणि जगदीशला आशीर्वाद.

मनीऑर्डर पोचली. पोस्टमनने कुपनावरचा तुमचा उपदेश सगळ्या चाळीला मोठ्याने वाचून दाखवला, त्यामुळे पैसे आल्याचे माझ्याआधी इतरांना कळले. आप्पा देवमाणूस. ते वर्षातून दोनदा इथे येऊन माझ्या हातचे सोलकढी-भात जेवून जायचे. वासाची तक्रार त्यांनी कधी केली नाही.

तुम्ही हिशेब मागितलात तो देते. तीन रुपये शाळेच्या फीला घातले, दोन रुपयांत शेजारच्या मुलीची गेल्या वर्षीची पुस्तके घेतली. उरलेले दहा रुपये सुंदराबाईला दिले.

सुंदराबाई कोण ते सांगते, नाहीतर तुम्हांला रात्रभर झोप यायची नाही. माझ्या खाणावळीत चौदा गडी जेवतात. दिवसपाळीच्या माणसांचे डबे बाराच्या आत गिरणीच्या फाटकावर पोचवावे लागतात. डाळ, भाजी, मासळी मी बघते. पन्नास भाकऱ्या शैला थापायची. शाळा अकराला भरते. ती चूल सोडून, हात धुऊन, पळत पळत पोचेपर्यंत पहिले दोन तास संपलेले असायचे. आणि ते दोन तास नेमके गणित आणि इंग्रजी. दहावीत ती अशीच घासून पास झाली आणि अकरावीत, म्हणजे मॅट्रिकच्या वर्गात आली. शाळेतल्या बाईंनी मला बोलावून सांगितले की पोरगी हुशार आहे, पण अर्धी शाळा तिने पाहिलेलीच नाही.

सुंदराबाई साताऱ्याकडची, आमच्याच मजल्यावर राहते. ती आता नऊ ते साडेअकरा भाकऱ्या करते आणि शैला साडेदहाला वेणी घालून घरातून निघते. मॅट्रिक झाली तर म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तरीण होईल. नाही झाली तर तिच्यासाठी माझी चूल आहेच. माझ्या जिवाला दुसरी काही काळजी नाही.

अंबिका


गिरगाव,
ता. १९ जुलै १९५५

अंबिकावहिनी,

पत्र वाचून मी चाटच पडलो. शिक्षणाच्या पैशांतून तुम्ही स्वयंपाकीण ठेवलीत! पंधरापैकी दहा रुपये भाकऱ्यांवर! हे मी ऑफिसात कोणाला सांगितले तर माणसे पोट धरून हसतील. फी म्हणजे शिक्षण, पुस्तक म्हणजे शिक्षण, फार तर छत्री म्हणजे शिक्षण. भाकरी म्हणजे शिक्षण हे मी आयुष्यात प्रथमच ऐकतो आहे.

एखाद्या घाटावरच्या बाईचे घर आप्पांच्या पैशांवर चालावे, हा त्यांचा हेतू खास नव्हता. मुलगी सकाळी चारला उठून भाकऱ्या करून मग शाळेत का जाऊ शकत नाही, हे मला समजत नाही. आम्ही दिव्याच्या उजेडात अभ्यास केला. कष्टांशिवाय विद्या येत नसते.

या महिन्याचे पैसे पाठवीत आहे. ही शेवटची सूचना समजावी.

जयवंत


लालबाग,
ता. २९ ऑक्टोबर १९५५

जयवंत भावोजी,

तीन महिने उत्तर लिहिले नाही, कारण लिहिण्यासारखे काही हातात नव्हते. आता आहे. सहामाहीत शैला वर्गात चौथी आली. गेल्या वर्षी एकतिसावी होती. गणितात शंभरांपैकी एक्क्याऐंशी. बाई स्वतः जिना चढून सांगायला आल्या, आणि मी त्यांच्यासमोर खुळ्यासारखी रडले.

चारला उठून भाकऱ्या का करत नाही, असे तुम्ही विचारलेत. भावोजी, पहाटेची भाकरी बाराला गड्याच्या डब्यात गेली तर तो दुसऱ्या दिवशी दुसरी खाणावळ बघतो. आठ तास गिरणीच्या साच्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाला गरम भाकरी लागते. हे कळायला सॉलिसिटरचे ऑफिस लागत नाही.

आणि तुम्ही दिव्याच्या उजेडात अभ्यास केलात, बरोबर. तेव्हा तुमच्या पोळ्या कोण लाटत होते? माझ्या सासूबाई लाटत होत्या. तुम्ही मॅट्रिक होईपर्यंत पाच वर्षे आमच्याच घरी होतात, हे तुम्ही विसरलात, पण त्या बिचाऱ्या मरेपर्यंत कौतुकाने सांगत होत्या. जगदीश दोनदा बसला, तेव्हा दोन्ही खेपांना तो परातीपुढे बसला होता का? तुमच्याकडची ती रत्नागिरीची स्वयंपाकाची बाई काय शोभेला ठेवली आहे? पुरुष शिकतो तेव्हा घरात कोणीतरी राबतच असते, त्याला कोणी खर्च म्हणत नाही. मुलगी शिकायला लागली की लगेच स्वयंपाकीण ठेवली म्हणून बोंब!

उंटावरून शेळ्या हाकू नका. तुमचे दहा रुपये पोरीच्या डोक्यात कसे गेले ते मार्कांत दिसते आहे.

अंबिका


गिरगाव,
ता. २ डिसेंबर १९५५

अंबिकावहिनी,

उपकारांचे स्मरण करून देण्याची तुमची रीत पाहून वाईट वाटले. तुमची भाषाही आता लालबागच्या सभांतली झाली आहे. गेल्या महिन्यात त्याच लालबाग-परळची माणसे आमच्या ऑफिसखाली घोषणा देत होती. पुढे गोळीबारात काय झाले ते सर्वांना माहीत आहे. मुंबई आपल्याला मिळावी असे मलाही वाटते, पण ती या लोकांच्या हाती पडून तिचे काय होणार, हा विचार मनात येतोच.

असो. मी निर्णय घेतला आहे. यापुढे रोख रक्कम बंद. डिसेंबर ते मार्च चार महिन्यांची फी मी शाळेत परस्पर भरली आहे. शिवाय शिपाई रामूबरोबर पुढील वस्तू पाठवीत आहे: मोठा नकाशासंग्रह एक, कंपासपेटी एक, वह्या दोन डझन, इंग्रजी शब्दकोश एक, गणवेशासाठी कापड चार वार. प्रत्येक वस्तूची पावती माझ्याजवळ आहे. यातला एक पैसाही चुलीत जाणार नाही, याचे मला समाधान आहे.

मिळाल्याची सही रामूच्या वहीत करावी.

जयवंत


लालबाग,
ता. २१ डिसेंबर १९५५

जयवंत भावोजी,

वस्तू पोचल्या. रामू दमला होता, त्याला जेवू घातले. तो म्हणाला की साहेबांनी कापड घेताना दुकानदाराशी तासभर घासाघीस केली. मुलीची उंची किती ते मात्र कोणाला विचारले नाही. कापडात दोन शैला मावतील.

आता फीचे ऐका. सहामाहीचे मार्क बघून मुख्याध्यापिकाबाईंनी शैलाला नोव्हेंबरपासून नादारी दिली आहे, म्हणजे फी पूर्ण माफ. तुम्ही मला एक ओळ लिहून विचारले असतेत तर सांगितले असते. नादारीच्या मुलीची चार महिन्यांची फी भरणारा माणूस शाळेच्या कारकुनाने जन्मात पाहिला नव्हता. पैसे तुमच्या नावाने पडून आहेत. मला देता येत नाहीत म्हणतो.

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तसे झाले आहे. सुंदराबाईला पहिल्या तारखेला मी नाही म्हणून सांगितले. तिलाही पोट आहे, ती परळला एका घरी धुण्याभांड्याला लागली. शैला पुन्हा परातीपुढे बसली आहे. पहिले दोन तास बुडवूनच शाळेत पोचते. नवा नकाशासंग्रह उघडायला तिला वेळ नाही. तो उंच आहे म्हणून पिठाच्या डब्याखाली ठेवला आहे, तेवढा उपयोगाला आला.

परीक्षेला अडीच महिने उरले आहेत. आजवर तुमच्याकडे कधी काही मागितले नाही, आता मागते. चार महिने फक्त दहा रुपये रोख पाठवा. वरचे पाच नकोत. मला तुमचा राग येतो, पण पोरीपायी तो गिळून लिहिते आहे.

आणि आप्पांनी नेमके काय लिहिले होते ते अख्खे वाक्य मला उतरवून पाठवा.

अंबिका


गिरगाव,
ता. ८ जानेवारी १९५६

अंबिकावहिनी,

मृत्युपत्र बघायचे आहे? बघा. माझ्याकडे लपवण्यासारखे काही नाही. "कै. रघूची मुलगी शैला हिच्या शिक्षणासाठी ती मॅट्रिकला बसेपर्यंत दरमहा रुपये पंधरा तिच्या आईच्या हाती द्यावेत व आईची पावती घ्यावी." हे वाक्य. आप्पा भोळे होते, त्यांना व्यवहार कळत नसे. असल्या कागदाचा हेतू बघायचा असतो, आणि तो कोणी बघायचा ते बावीस वर्षांनी मला शिकवले आहे.

नादारीचे तुम्ही कळवायला हवे होते. त्यात माझी चूक नाही. शाळेतून फी परत मिळवली आहे. ती आणि वस्तू घेऊन उरलेली शिल्लक मी तिच्या नावाने पोस्टात टाकली आहे. लग्नाच्या वेळी उपयोगी पडेल. पास-नापास देवाच्या हाती, लग्न तर करावेच लागणार. याबद्दल कधीतरी तुम्हीच मला धन्यवाद द्याल.

रोख मिळणार नाही. मुलीने मनावर घेतले तर भाकऱ्या थापतानाही पाठांतर होते.

जयवंत


लालबाग,
ता. ११ फेब्रुवारी १९५६

जयवंत भावोजी,

तुमच्या आठ जानेवारीच्या पत्राला लगेच उत्तर लिहिले होते. पोस्टात टाकण्याआधी मुंबई महाराष्ट्रापासून तोडल्याची बातमी रेडिओवर आली आणि मग इथे काय झाले ते तुम्ही वर्तमानपत्रात वाचले असेल. आमच्या जिन्यात अश्रुधुराचे नळकांडे येऊन पडले. माझ्या गड्यांपैकी लवू म्हणून होता, बावीस वर्षांचा, त्याच्या मांडीला गोळी लागली. जगला, पण लंगडतो. सहाजण भीतीने गावाला गेले, त्यांचे महिन्याचे पैसेही गेले. ते जुने पत्र मी फाडून टाकले. त्यात नुसत्या शिव्याच होत्या.

पण एक गोष्ट तुम्हांला सांगायची आहे. गिरण्या आठ दिवस बंद होत्या. डबे नव्हते, भाकऱ्या नव्हत्या. कर्फ्यूत खिडक्या लावून शैला आठ दिवस बसली आणि बीजगणिताचे अख्खे पुस्तक तिने संपवले. बाहेर माणसे मरत होती आणि माझी पोरगी अभ्यास करत होती, याची मला लाज वाटली आणि आनंदही झाला. सरकारने गोळ्या घालून तिला जेवढा वेळ दिला, तेवढाही तुम्ही आप्पांच्या पैशांतून दिला नाहीत. तुम्हांला काय म्हणावे ते मला सुचत नाही, आणि मला सहसा सुचते.

कर्फ्यू उठला त्या दिवशी सुंदराबाई आपणहून आली आणि परात ओढून बसली. धुण्याभांड्याचे काम तिने संध्याकाळवर नेले आहे. मी म्हटले, मला तुला देता येणार नाही. ती म्हणाली, "पैकं कुठं पळून चाललंय? पोरीचं साल गेलं तर ते माघारी यायचं न्हाई." तिला लिहिता-वाचता येत नाही. तिने कोणाचे मृत्युपत्र बघितलेले नाही. पण आप्पा काय म्हणत होते ते तिला कळले.

तुम्ही आता काही पाठवू नका. सल्ला तर नकोच.

अंबिका


गिरगाव,
ता. १६ जून १९५६

प्रिय अंबिकावहिनींस सप्रेम नमस्कार आणि अभिनंदन.

शाळेतून नंबर मुद्दाम मागवून घेतला होता. आज वर्तमानपत्रात पाहिला. आपली शैला पास, आणि तीही पहिल्याच खेपेस! सकाळपासून वाडीत दहाजणांना सांगितले. जगदीशची आई म्हणाली, तुम्ही घेतलेल्या कष्टांचे चीज झाले. मी कठोर वागलो असेन, पण कठोरपणाशिवाय हे फळ मिळाले असते का, याचा विचार तुम्हीही करा.

पुढल्या रविवारी आपल्या ज्ञातिमंडळाच्या सभागृहात गुणवंतांचा सत्कार आहे. शैलाने यावे, दोन शब्द बोलावेत, त्यात आप्पांचा आणि व्यवस्था पाहणाऱ्यांचा उल्लेख करावा. काय बोलायचे ते मी लिहून देईन. एक स्थळही नजरेत आहे. मुलगा बँकेत आहे, थोडा वयस्क आहे, पण मॅट्रिक मुलगी चालेल म्हणतात.

जाता जाता एक किरकोळ बाब. आप्पांची व्यवस्था आता बंद करायची असल्यामुळे आमच्या ऑफिसला दहा महिन्यांच्या दीडशे रुपयांची पावती तुमच्या सहीने लागते. सोबत तिकीट लावलेला कागद आहे. "रोख हाती मिळाले" याखाली सही करून उलट टपाली पाठवावा. केवळ उपचार आहे.

तुमचा
जयवंत


लालबाग,
ता. २० जून १९५६

जयवंत भावोजी,

कागद वाचला. दीडशे खोडून नव्वद लिहिले आणि सही केली. जून ते नोव्हेंबर सहा महिने रोख हाती मिळाले, ते खरे आहे. बाकीचे चार महिने मला रोख मिळालेले नाहीत. आठ जानेवारीचे तुमचे पत्र माझ्याजवळ आहे. त्यात आप्पांचे वाक्य तुमच्याच सुंदर अक्षरात आहे. तुमच्या मोठ्या साहेबांना वाचायला हवे असेल तर शैला फोर्टात तुमच्या ऑफिसात आणून देईल. तिला आता तिकडचा रस्ता सापडतो.

सत्काराला ती येणार नाही. त्या रविवारी ती घरी आहे. सुंदराबाईला ताप आहे, भाकऱ्या करायच्या आहेत.

स्थळ तुमच्याकडेच ठेवा.

अंबिका


गिरगाव,
ता. २५ जून १९५६

अंबिकावहिनी,

साठ रुपये मनीऑर्डरने रवाना केले. वस्तूंची रक्कम मी पदरची घातली आहे, पोस्टातले खातेही मोडले. नवी पावती द्यावी. ते जुने पत्र परत पाठवल्यास बरे होईल. माझ्या बोलण्यात कोठे अधिक-उणे झाले असल्यास विसरावे. मी भल्यासाठीच केले.

जयवंत


लालबाग,
ता. ९ जुलै १९५६

जयवंत भावोजींना नमस्कार.

पैसे घेतले. ते तुमच्या तोंडावर परत फेकावेत असे क्षणभर मनात आले होते. पण तेवढी श्रीमंती आमच्यात नाही. पावती सोबत आहे. पत्र परत पाठवत नाही, राहू द्या माझ्याकडे.

भल्यासाठी केले म्हणता. भावोजी, तुम्ही पैसे खाल्ले नाहीत, हे मी चारचौघांत सांगेन. तुम्हांला फक्त एवढेच वाटत होते की गरिबाच्या बाईला आपल्या पोरीचे भले कळत नाही. चोर परवडला असता. चोराला पकडता येते.

साठातले चाळीस त्याच दिवशी सुंदराबाईला दिले. ती घेईना. म्हणाली, मी शेजारधर्म केला, मजुरी नव्हे. शेवटी शैलाने तिच्या ओच्यात बांधले. उरलेल्या विसांत शैलाला दोन सुती पातळे घेतली, कारण परवापासून ती काळाचौकीच्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत बदली मास्तरीण म्हणून लागली आहे. चौसष्ट रुपये पगार. तिसरीचा वर्ग दिला आहे. पहिल्या दिवशी घरी आली ती घसा बसवूनच.

सुंदराबाईची एक मुलगी आहे, राधा. अकरा वर्षांची. चौथी झाली आणि आईबरोबर धुण्याभांड्याला जायला लागली. शैलाने काल तिचे नाव पाचवीत घातले आणि सुंदराबाईला सांगितले की दर पगाराला सात रुपये मी तुझ्या हातात देणार. ती बाई म्हणाली की मला लिहिता येत नाही, पण कशाकशाला गेले ते दर महिन्याला तोंडी सांगत जाईन.

शैला म्हणाली, "मावशी, मला नको सांगू. तू तिची आई आहेस."

अंबिका